जुन्या जीपगाडीची घरगुती सुधारणा

छात्रालयाच्या आवारांत वडाखालीं उभी असलेली जुनी जीपगाडी विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहेच; परंतु वार्षिक संमेलनास आलेल्या पालकांपैकींही कित्येकांनीं तिच्याभोंवतीं फिरून ‘ही अजून चालते काय?’ असा प्रश्न आम्हांस केला. ती चालते, इतकेंच नव्हे, तर फाल्गुनापासून मृगाच्या पावसापर्यंत छात्रालयाच्या पिण्याच्या पाण्याचा सारा भार तिच्यावरच असतो. विहीर आटली म्हणजे तीन मैलांवरील झऱ्याचें पाणी टांकींत भरून, ती टांकी दोनचाकी जोडगाडीवर घालून, घाटाची चढण चढून आणावें लागतें. ज्या दिवशीं जीप बंद, त्या दिवशीं मुलांस घरीं पाठविण्याचा विचार करावा लागतो, आणि हे दिवस नेमके परीक्षेचे असतात. गेल्या दोन वर्षांत हस्तव्यवसायाच्या वर्गांतील वरच्या इयत्तांचीं मुलें बरोबर घेऊन आम्हीं या गाडीची ओढण्याची व्यवस्था, तिच्या कमानी आणि तिची वीज या तीन बाबतींत सुधारणा केली. तें काम कसें केलें, कोठें चुकलों आणि त्यामागें कोणतीं तत्त्वें आहेत, हें वाचकांपुढें ठेवण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम गाडीविषयीं दोन शब्द. अमेरिकन सैन्यास १९४० सालीं एक हलकी, चारही चाकांस जोर मिळणारी गाडी हवी होती. अमेरिकन बँटम नांवाच्या लहानशा कारखान्यानें त्याच वर्षीं पहिला नमुना करून दिला. पुढें विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांकडे तें काम गेलें व १९४५ पर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. दुसरें महायुद्ध संपल्यावर आपल्या देशांत मागें राहिलेल्या कित्येक गाड्या लिलांवांत विकल्या गेल्या, आमची त्यांतलीच. त्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीनें मुंबईंत विलिसच्या जीपा जोडावयास आरंभ केला आणि त्याच वंशाच्या गाड्या या देशांत पुढें अनेक वर्षें होत राहिल्या, म्हणून बरेचसे सुटे भाग अजून जुन्या बाजारांत हातीं लागतात. गाडीचें इंजिन चार सिलिंडरांचें, २.२ लिटरांचें, ६० अश्वशक्तीचें. दोन आंसांमधील अंतर ८० इंच. वजन सुमारें ११०० किलो. आणि वीज सहा व्होल्टांची. साठ अश्वशक्ति म्हणजे आजच्या मोटारींपुढें कांहींच नव्हे. परंतु या गाडीस नेहमींच्या गिअरांखेरीज आणखी एक दांडा असून तो ओढला असतां चाल निम्मी होते आणि चाकांवरील जोर जवळजवळ दुप्पट होतो. घाटांत पाणी चढतें तें या दांड्याच्या बळावर.

आतां ओढीकडे वळूं. जीपेमागें जी दोनचाकी जोडगाडी युद्धकाळांत लावीत, ती ‘पाव टनी’ म्हणून ओळखली जाई. रिकामी ती सुमारें २५० किलो भरते आणि आडरस्त्यावर तिच्यांत ५०० पौंड, म्हणजे सुमारें २२७ किलो, भार घालावा असें ठरलेलें होतें. आमची जोडगाडीही त्याच घडणीची आहे. असें असतां आमच्या पूर्वीच्या व्यवस्थेंत तिच्यावर ५०० लिटरांची टांकी चढविलेली होती! एक लिटर पाणी एक किलो भरतें हें पांचवीच्या मुलासही ठाऊक. पण तें ठाऊक असणें आणि टांकी विकत घेतांना आठवणें यांत अंतर पडतें. शिवाय ती टांकी आंसाच्या मागच्या अंगास ठेवलेली होती, कारण तेथें ती भरावयास सोयीची पडे. परिणाम असा होई कीं उताराला गाडीनें जरा वेग घेतला कीं जोडगाडी सापासारखी वळवळूं लागे आणि तिच्याबरोबर जीपेचें बूडही डोलूं लागे.

याचें कारण आम्हीं पुस्तकांत शोधीत होतों. तें झऱ्यावर आलेल्या एका वृद्ध गाडीवानानें एका वाक्यांत सांगितलें. ‘गुरुजी, गाडी उलाळ भरलीय तुमची,’ तो म्हणाला, ‘बैल असते तर जू मानेवरनं उडालं असतं.’ बैलगाडी मागें जड झाली म्हणजे तिला उलाळ म्हणतात, आणि शेतकऱ्याचें मूलही ती भरतांना कांहीं भार आंसाच्या पुढें येईल अशी काळजी घेतें. मोटारीमागची जोडगाडीही याच नियमानें बांधलेली आहे. भार आंसाच्या मागें असला आणि खड्ड्यानें तो एका बाजूस फेंकला गेला, कीं तो पुढच्या दांडीस उलट बाजूस ढकलतो. दांडी जीपेच्या मागच्या भागास ढकलते. जीप सांवरूं जाते तों दुसरा हेलकावा येतो, आणि प्रत्येक हेलकावा पहिल्याहून मोठा. भार पुढें असला म्हणजे तोच धक्का आपोआप शमतो. व्यवहारांतला नियम असा कीं भरलेल्या जोडगाडीच्या एकूण वजनापैकीं सुमारें दहावा ते सातवा हिस्सा दांडीच्या टोंकावर, म्हणजे आंकड्यावर, पडला पाहिजे.

आम्हीं ५०० लिटरांची टांकी उतरविली व २०० लिटरांचें पिंप घेतलें. पिंपासह भार २२० किलो आणि जोडगाडी २५० किलो, मिळून ४७० किलो. म्हणजे आंकड्यावर निदान ४७ किलो हवे. रिकामी जोडगाडी आंसावर तोललेली आहे असें धरलें, आणि आंसापासून आंकड्यापर्यंतचें अंतर १५० सेंटिमीटर आहे, तर २२० किलोंचा भार आंसाच्या किती पुढें ठेवावा? तरफेच्या नियमानें ४७ ला १५० नें गुणून २२० नें भागावें; उत्तर ३२ सेंटिमीटर येतें. हें गणित नववीच्या मुलांनीं फळ्यावर केलें, आणि नंतर दवाखान्यांतील माणसें तोलण्याचा कांटा दांडीच्या टोंकाखालीं ठोकळ्यावर ठेवून पडताळा पाहिला. कांट्यानें ५१ किलो दाखविले, कारण रिकाम्या जोडगाडीची दांडी स्वतःही थोडी जड असते. पुस्तकांतील तरफ पाण्याच्या गाडीस लागू पडते याचा मुलांस जो आनंद झाला, तो त्यांच्या तोंडावर दिसत होता.

पाणी हा मोठा लबाड भार आहे. धान्याचें पोतें जेथें ठेवावें तेथें राहतें. अर्धवट भरलेल्या टांकींतलें पाणी मात्र चढावर मागें, उतारावर पुढें आणि वळणावर बाहेरच्या अंगास धांवतें, व नेमकें जेथें नको तेथें जड होतें. म्हणून पिंप एक तर कांठोकांठ भरावें, नाहीं तर रिकामें आणावें. मोठ्या टांक्यांत यासाठींच आडव्या भिंती घातलेल्या असतात.

जोडगाडीस स्वतःचे ब्रेक नाहींत, ही गोष्ट आम्हांस अजूनही बोंचते. जीप, चालक व सामान मिळून १२५० किलो धरले, तर ४७० किलोंच्या जोडगाडीमुळें थांबवावयाचें वस्तुमान १७२० किलो, म्हणजे पूर्वीच्या १.३८ पट होतें. आणि हा सारा बोजा जीपेच्या नऊ इंची ब्रेकांवरच पडतो. वेग वाढविल्यास परिस्थिति आणखी वाईट. ताशीं ३० किलोमीटरांऐवजीं ४० नें गेलें तर गतिशक्ति सव्वापट नव्हे, तर १.७८ पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून भरली गाडी उतरतांना खालच्या गिअरांत इंजिनाच्या अडसरानें उतरवावी आणि पायाचा ब्रेक थंड राखून ठेवावा, असा नियम आम्हीं केला आहे. आंकडा बंपरास न लावतां सांगाड्याच्या मागील आडव्या दांड्यास, आंतून जाड लोखंडी पत्रा देऊन, बोल्टांनीं जखडला. आणि दांडीखालून दोन सांखळ्या एकमेकींस छेद देऊन अशा लावल्या कीं आंकडा सुटलाच तर दांडी जमिनींत न रुततां त्या सांखळ्यांच्या झोळींत पडेल.

येथें एका अपघाताची कबुली देणें प्राप्त आहे. दोन पावसाळ्यांपूर्वीं रस्त्याच्या कडेस चिखलांत रुतलेला एक टेंपो आमच्या जीपेनें ओढावयाचें ठरलें. नायलॉनचा जाड दोर आणला; एक टोंक जीपेच्या आंकड्यास आणि दुसरें टेंपोच्या बंपरास बांधलें. जीपेनें दोन वेळां ओढलें, टेंपो हलला नाहीं. तेव्हां दोर थोडा सैल सोडून हिसका द्यावा असें ठरलें. तें आम्हींच ठरविलें. हिसक्यासरशीं बंपराचा लोखंडी कोनाडा बोल्टासह तुटला आणि दोराबरोबर उडून जीपेच्या बाजूस उभ्या असलेल्या मुलांच्या डोक्यांवरून जाऊन बाभळीच्या खोडांत रुतला. मुलें तेथें आमच्या परवानगीनें उभीं होतीं. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, हें सांगावयास नकोच.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत आम्हीं पुढील हिशेब मांडला. समजा, दोरावर २०,००० न्यूटन, म्हणजे स्थूलमानानें दोन टन वजनाइतका ताण आला आणि दोर एक मीटर ताणला गेला. ताणलेल्या दोरांत सांठलेली शक्ति म्हणजे ताणाची निमपट गुणिले लांबींतील वाढ. म्हणजे १०,००० जूल. यांतील केवळ दहावा हिस्सा जरी दोन किलोंच्या लोखंडी तुकड्यास मिळाला, तरी त्याचा वेग सेकंदास ३१ मीटरांहून अधिक, म्हणजे ताशीं ११० किलोमीटरांच्या वर जातो. तोफेच्या तोंडीं उभें राहावें आणि दोराच्या रेषेंत उभें राहूं नये, असें कोणी म्हटलें तर आम्ही हंसणार नाहीं.

नायलॉनचा दोर ताणतो म्हणून हिसक्यासाठीं चांगला. परंतु ताणतो म्हणूनच त्यांत शक्ति सांठते. लोखंडी सांखळी फारशी ताणत नाहीं. तिच्यांत शक्ति थोडी सांठते, पण हिसक्याचा सारा आघात क्षणांत सांगाड्यावर येतो. म्हणून सांखळीनें हिसका कधींच देऊं नये, सावकाश ओढावें. दोर कशासही लावला तरी त्याचीं दोन्ही टोंकें सांगाड्यास घट्ट बसविलेल्या, अशा कामासाठींच केलेल्या आंकड्यांस लावावीं. आजकालच्या मोटारींमागें जोडगाडी लावण्याचा जो लोखंडी गोळा असतो, त्यास रुतलेली गाडी ओढावयाचा दोर लावूं नये. असे गोळे तुटून माणसें मेलीं आहेत. दोराच्या मध्यावर भिजलेलें गोणपाट टाकावें, आणि दोर जितका लांब त्याच्या दीडपट अंतराच्या आंत चालकांखेरीज कोणी नसावें. हल्लीं आम्ही शक्य तेथें हिसक्याऐवजीं हातानें फिरविण्याचा रहाट आणि एक कप्पी वापरतों. झाडास किंवा खडकास बांधलेल्या रहाटाचा दोर रुतलेल्या गाडीवरील कप्पींतून फिरवून परत झाडासच आणला, तर ओढ दुप्पट होते आणि चाल निम्मी. घाई करतांच येत नाहीं, हाच तिचा मोठा गुण.

कमानींचें काम मुलांच्या आवडीचें ठरलें. या गाडीस चारही कोपऱ्यांत पोलादी पाट्यांच्या कमानी आहेत: लांब पाटा वर, त्याखालीं क्रमानें आंखूड, मधोमध एका बोल्टानें गुंफलेल्या आणि यू-आकाराच्या बोल्टांनीं आंसास जखडलेल्या. आंकड्यावर ५० किलो पडले म्हणजे ते केवळ मागच्या कमानींवर पन्नास म्हणूनच पडत नाहींत. आंकडा मागच्या आंसाच्या ६० सेंटिमीटर मागें आहे आणि दोन आंसांत २०३ सेंटिमीटर अंतर आहे. तेव्हां पुढचीं चाकें सुमारें १५ किलोंनीं हलकीं होतात व मागच्या कमानींवर ६५ किलो येतात. गाडी मागें बसते, पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात, आणि सुकाणूं हलकें वाटूं लागतें. ऐंशी वर्षांच्या कमानी आधींच थकलेल्या. त्यांत ही भर.

उपाय सोपा वाटला. मागच्या प्रत्येक कमानींत एक जाड पाटा वाढविला. मूळचे पाटे ६ मिलिमीटर जाडीचे, आम्हीं बाजारांत मिळाला म्हणून ८ मिलिमीटरांचा घातला. दोन मिलिमीटरांनीं काय होणार, असें वाटलें! पण पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. आठला सहानें भागून त्याचा घन करा: २.३७. म्हणजे तो एकटा पाटा जुन्या सव्वादोन पाट्यांहून अधिक ताठ होता. रिकामी जीप दगडांवर बेडकासारखी उड्या मारूं लागली, मागचीं चाकें जमीन सोडूं लागलीं, आणि जें चाक जमिनीवर नाहीं तें ना ओढूं शकतें ना थांबवूं शकतें. तीन आठवड्यांत तो नवा जाड पाटाच मोडला. यांतही नियम आहे. सगळे पाटे एकत्र वाकतात; सारखेच वाकले असतां जाड पाट्याच्या पृष्ठभागावर पातळ पाट्यापेक्षां अधिक ताण येतो, म्हणून जो बळकट दिसतो तोच आधीं मोडतो. दुसऱ्या खेपेस तालुक्याच्या गांवीं कमानी करणाऱ्या एका कारागिराकडून मूळच्या जाडीचा एकेक पाटा करून घेतला आणि जुन्या पाट्यांस मूळचा बांक देवविला. गाडी पूर्वीच्या उंचीवर आली; तेवढेंच आम्हांस हवें होतें.

पाटे सोडवितांना दोन गोष्टी मुलांस निक्षून सांगितल्या होत्या. गाडी जॅकवर उचलली तरी सांगाड्याखालीं लांकडी ठोकळे रचल्याशिवाय कोणीही तिच्याखालीं शिरूं नये. जॅक उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. आणि कमानीचा मधला बोल्ट काढण्यापूर्वीं सर्व पाटे शेगड्यानें आवळावे, नाहीं तर दाबलेले पाटे उसळून हात फोडतात. गंज खरवडून, पाट्यांमध्यें ग्रॅफाइटयुक्त ग्रीस भरलें. यू-बोल्ट बसविल्यावर शंभर किलोमीटर गाडी चालवून ते पुन्हां आवळावे लागतात, कारण पाटे एकमेकांवर बसून सैल पडतात. हें आवळणें पुष्कळ लोक विसरतात.

धक्काशोषक, ज्यांस कारखान्यांत शॉक म्हणतात, ते कांहीं भार उचलीत नाहींत. कमानीच्या उड्या तेलाच्या बारीक छिद्रांतून वाट काढतां काढतां उष्णतेंत बदलणें एवढेंच त्यांचें काम. गाडीचा एक कोपरा जोरानें दाबून सोडा. एक-दीड हेलकाव्यांत ती स्थिर झाली तर शॉक बरे, डोलतच राहिली तर बाद.

वरच्या वर्गांतील मुलांचा आग्रह होता कीं गाडी निदान चार इंच उंच करावी. चित्रांतील जीपा तशा असतात हें खरें. आम्हीं त्यांस कागदावर त्रिकोण काढावयास सांगितलें. दोन चाकांमधील रुंदी ४९ इंच, म्हणजे निम्मी २४.५. गुरुत्वमध्य जमिनीपासून २५ इंचांवर धरला तर गाडी स्थिर उभी असतांना सुमारें ४४ अंशांच्या उतरणीवर कलंडेल. तो २९ इंचांवर गेला तर ४० अंशांवर. चार अंश थोडे, असें एकानें म्हटलें. पण हा हिशेब स्थिर व ताठ गाडीचा आहे. प्रत्यक्षांत कमानी एका बाजूस दबतात, वळण गाडीस बाहेर ढकलतें, पिंपांतलें पाणी सरकतें, आणि खालचें चाक नेमकें त्याच क्षणीं चरांत उतरतें. शिवाय उंची वाढली कीं ब्रेकच्या नळ्या आंखूड पडतात, आंसांकडे जाणारा फिरता दांडा अधिक तिरपा होऊन त्याचे सांधे झिजतात, आणि पुढच्या चाकांचा कल बिघडून सुकाणूं थरथरूं लागतें. गाडी उंच केली नाहीं. मुलें एक दिवस रुसलीं.

विजेचें काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी झालें. पूर्वीं रात्रीं घाट चढतांना पुढचे दिवे कंदिलासारखे तांबूस दिसत. बल्ब बदलून पाहिले, फरक पडला नाहीं. दोष बल्बांत नव्हताच. पुढच्या दोन दिव्यांस मिळून ६० वॅट लागतात असें धरूं. सहा व्होल्टांवर त्यांस १० अँपिअर प्रवाह हवा. अडीच चौरस मिलिमीटरांच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरामागें सुमारें ०.००७ ओहम असतो. तार, खटके आणि गंजलेले सांधे यांचा मिळून विरोध अशा १० मीटर तारेएवढा मानला तर ०.०७ ओहम. दहा अँपिअर गुणिले ०.०७ म्हणजे ०.७ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात, आणि दिव्यास सहापैकीं ५.३ च मिळतात. तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टांपेक्षां फार झपाट्यानें घटतो; व्होल्ट शेंकडा १२ नीं घटले तर उजेड जवळजवळ एकतृतीयांशानें कमी होतो. तेच ६० वॅट बारा व्होल्टांवर घेतले तर प्रवाह ५ अँपिअर, वाटेंतील घट ०.३५ व्होल्ट, म्हणजे शेंकडा तीनच. उजेड सुमारें एकदशांशानें घटतो. आणि तारेंत उष्णतेच्या रूपानें वायां जाणारी शक्ति चौथ्या हिश्श्यावर येते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते.

म्हणून गाडी बारा व्होल्टांची केली. जुना डायनॅमो इंजिन हळू चालत असतां कांहींच भरीत नसे. त्याच्या जागीं अल्टरनेटर बसविला, जो मंद गतींतही बॅटरी भरतो. बल्ब, भोंगा, ठिणगीची कॉइल बदलली. इंधनाच्या कांट्यासाठीं व्होल्ट उतरविण्याचें लहान साधन लावलें. चालू करण्याची सहा व्होल्टांची मोटर मात्र तशीच ठेवली. ती बारा व्होल्टांवर फार जोरानें फिरते व दांत्यांवर आपटते, म्हणून कळ क्षणभरच दाबावयाची. पुढच्या दिव्यांचा सारा प्रवाह पूर्वीं समोरच्या जुन्या खटक्यांतून जात असे; आतां त्या खटक्यांतून केवळ रिलेचें लहान विद्युच्चुंबक चालतें, आणि तें चुंबक बॅटरीपासून दिव्यापर्यंतच्या आंखूड, जाड वाटेचें दार उघडतें. उंबऱ्यावरचा पहारेकरी स्वतः ओझें वाहत नाहीं, तसेंच हें.

जुन्या तारांवरचें कापडी वेष्टण तडकलेलें होतें. काम अर्धें झालें असतांना भोंग्याची एक तार सांगाड्याच्या कडेस घांसून उघडी पडली व क्षणांत धूर निघाला. एका मुलानें प्रसंगावधान राखून बॅटरीची तार सोडविली म्हणून निभावलें. बॅटरीचा अंतर्गत विरोध इतका अल्प असतो कीं अशा वेळीं शेंकडों अँपिअर वाहतात. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठीं असतो असें पुष्कळांस वाटतें. तो तारेच्या रक्षणासाठीं असतो, आणि म्हणून तो दिव्याजवळ नव्हे, तर बॅटरीजवळ असावा. फ्यूजच्या अलीकडची तार उघडी पडली तर तिला वांचविणारें कोणी नाहीं. बॅटरी सोडवितांना सांगाड्यास जोडलेली ऋण तार आधीं काढावी व जोडतांना शेवटीं जोडावी. म्हणजे पाना चुकून सांगाड्यास लागला तरी ठिणगी उडत नाहीं. चार्ज होणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन निघतो, हें रसायनशास्त्राच्या तासास ऐकलेलें वाक्य येथें उपयोगी पडतें.

दोष कोठें आहे हें शोधण्याची एक युक्ति सर्वांनीं शिकून घेण्यासारखी आहे. दिवा चालू ठेवून मापकाचें एक टोंक बॅटरीच्या धन टोंकास आणि दुसरें दिव्याच्या धन टोंकास लावावें. जे व्होल्ट दिसतील ते वाटेंत हरवलेले. नंतर तसेंच ऋण बाजूस करावें. जोडगाडीच्या मागच्या दिव्यांत आम्हांस ऋण बाजूलाच दोन व्होल्टांहून अधिक हरवलेले आढळले, कारण परतीचा प्रवाह आंकड्याच्या गंजांतून जात होता. स्वतंत्र परतीची तार टाकली आणि ब्रेकचा तांबडा दिवा पहिल्यांदाच दिवसां दिसूं लागला. घाटांत मागून येणाऱ्या ट्रकवाल्यास तो दिसणें हें किती महत्त्वाचें आहे, हें सांगण्याची जरूरी नाहीं. विजेवर चालणारा ओढीचा रहाट घ्यावा अशीही सूचना आली होती. परंतु मोठा रहाट पूर्ण भारावर ४०० अँपिअर मागतो, आणि आमच्या एका बॅटरीस तें झेंपणारें नाहीं.

ज्या पालकांच्या घरीं अशी गाडी असेल त्यांनीं पाना हातीं घेण्यापूर्वीं कायद्याकडेही लक्ष द्यावें. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपत्रकांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तोच अर्थ स्पष्ट केला. तेव्हां जो बदल करावयाचा तो प्रादेशिक परिवहन कार्यालयांत विचारूनच करावा. जोडगाडीचीही वेगळी नोंदणी लागते. या साऱ्या कामांत कोणाही विद्यार्थ्यानें रस्त्यावर गाडी हांकलेली नाहीं, आणि भरली जोडगाडी मागें असतां जीपेंत चालक व एक मदतनीस यांखेरीज कोणास बसूं देत नाहीं.

सध्यां २०० लिटरांच्या पिंपामुळें पूर्वीं एका खेपेंत होणारें काम अडीच खेपांत होतें. पेट्रोल अधिक लागतें व चालककाका कुरकुरतात. जोडगाडीस स्वतःचे ब्रेक बसविण्याचें काम नाताळच्या सुटीनंतर हातीं घ्यावयाचें आहे; आंस मोजून झाला आहे, ड्रम मिळाले आहेत, आणि दांडी मागून ढकलली गेली कीं आपोआप ब्रेक दाबणारी रचना कशी करावी याचीं चित्रें दहावीच्या मुलांनीं काढलीं आहेत. त्यांतील दोन चित्रें चालण्याजोगीं दिसतात. ज्या पालकांचा लोहारकाम वा मोटारदुरुस्ती हा व्यवसाय असेल त्यांनीं एखाद्या शनिवारीं वडाखालीं येऊन तीं पाहून जावीं, अशी आमची विनंति आहे.